चार स्वर्ग आणि एक थंड चुलवण

गुळव्या म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. शहरातल्या माणसांचा असा समज दिसतो की गूळ किराणा दुकानातच उगवतो.

बैल जोडून चरक फिरवला की उसाचा रस निघतो. तो रस काहिलीत ओततात. काहील म्हणजे चार माणसं आत पाय पसरून निजतील एवढी लोखंडी कढई. तिच्याखाली जमिनीत खणलेली भट्टी, तिला चुलवण म्हणतात. चुलवणात वाळलेली चिपाडं सारत बसतो तो जळव्या. आणि काहिलीशेजारी हातात लांब दांड्याचा झारा घेऊन, पडदा वर गेल्यावर राजा उभा असतो तसा जो उभा असतो, तो गुळव्या. म्हणजे मी. दस्तगीर गुळव्या, मुक्काम बारामती.

रस उकळतो, वर मळी येते, ती काढायची. मग भेंडीचं पाणी टाकायचं, म्हणजे उरलेली घाणही वर येते. एवढं कुणीही करील. खरी गंमत शेवटी असते. पाक जरा अलीकडं उतरवला तर गूळ बसत नाही, जरा पलीकडं गेला तर काळा खडा होतो. मधली घडी पकडायची. मी पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर हाणतो. ती ठण्णकन वाजली की आरोळी ठोकतो, "उतरवाऽऽ!" बारामतीला एकदा नाटक कंपनी उतरली होती. तिच्या मालकानं माझी ही आरोळी ऐकून मला राक्षसाचं काम देऊ केलं होतं. ऐन हंगाम होता म्हणून मी गेलो नाही. रंगभूमी वाचली.

या धंद्यात तऱ्हेतऱ्हेचे मालक भेटतात. डाळज गावचा एक मालक होता. गुळाला रंग चांगला चढला की त्याला भीती वाटायची, कुणाची तरी नजर लागणार. पण गुळाला नव्हे, मला! अख्खा हंगाम त्यानं माझ्या गळ्यात लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. वाफेनं मिरच्या शिजायच्या आणि मी शिंकत शिंकत गूळ उतरवायचो. आणखी एकाला वाटायचं की गुळव्या गप्प राहिला तर गूळ कडक होतो, म्हणून तो मला सारखा बोलायला लावायचा. त्याच्याकडं मी तीन हंगाम सुखात काढले.

पण या सगळ्यांच्या वरताण होता तो शेळगावचा हिंदुराव. एकोणीसशे तीसनंतरच्या दशकातली ही गोष्ट. नाव हिंदुराव, आणि ऐन हंगामात गडी धर्म सोडायला निघाला!

झालं असं. शेळगावच्या त्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर पाच-सहा जणांचा ऊस होता, पण काहील आणि चरक फक्त हिंदुरावाचा. आधी त्याचा ऊस निघायचा, मग काहील पाळीपाळीनं बाकीच्यांच्या रानात जायची. हिंदुरावाचं चुलवण पेटलं की त्या भागाचा हंगाम सुरू झाला, असं धरायचे. आणि चुलवण पेटवण्याआधी त्याची पूजा मालक आणि मालकीण मिळून करायचे. जोडप्यानंच करायची, अशी रीत.

त्या वर्षी भाद्रपदात हिंदुरावाची बायको पारूबाई गेली. सगळा गाव तिला पारूकाकी म्हणायचा. हिंदुराव उंच, रुंद, मिशीवाला, बोलायला फटकळ. पारूकाकी त्याच्या कोपरापर्यंत यायची, पण गुऱ्हाळावर हुकूम तिचा. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस आणि गूळ दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही तर साऱ्या मुलखाची चाल आहे. पारूकाकीला मात्र आलेली माणसं पुरायची नाहीत. ती इंदापूरच्या रस्त्याकडेला उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायची. मी पाक उतरवला रे उतरवला की गरम, मऊ गुळाचा पहिला लपका उचलून ती रस्त्यावर पळायची. मी ओरडायचो, "काकी, अजून बसला न्हाय गूळ!" ती म्हणायची, "बसंल त्येच्या पोटात!"

तर दिवाळीनंतर पूजेचा दिवस आला. जोशीकाका आले. हे आमच्या भागातले भिक्षुक, गोरे, ठेंगणे, पानसुपारीचे भारी शौकीन. हिंदुराव एकटाच पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा. जोशीकाकांनी आपल्या परीनं अडचण सोडवली. पिशवीतून एक सुपारी काढली आणि रिकाम्या पाटावर ठेवली.

"हे काय?" हिंदुराव म्हणाला.

"शास्त्रात सोय आहे, हिंदुराव. पत्नी नसेल तर तिच्या जागी सुपारी."

हिंदुरावानं सुपारीकडं पाहिलं. मग जोशीकाकांकडं पाहिलं. "तीस वर्सं मी संसार केला, त्यो सुपारीसंगं?"

"अहो, ती नुसती खूण..."

"पारूची खूण सुपारी? काका, ती बोलायची. हसायची. मला शिव्या घालायची. ही काय करती?"

"हिंदुराव, मुहूर्त चाललाय."

"जाऊ द्या." तो उठला. "ज्या धर्मात माझ्या बायकूच्या जागी सुपारी बसती, त्या धर्मात मी बसत न्हाय."

आम्हाला वाटलं, राग आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. पण हिंदुराव दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आला. मी रिकाम्या काहिलीत बसून तिला राख लावून घासत होतो. म्हणाला, "दस्तू, मी बैल कसा घेतो, म्हाईत हाय ना तुला?"

"माहीत हाय की आबा. दात बघता, खूर बघता, चालवून बघता, मग जुपून बघता."

"धर्म बी तसाच घेनार. जलमाला आलो तवा कुनी इच्यारलं नव्हतं, आता बघून घेतो. आन तवर चुलवान पेटनार न्हाय. कुठल्या देवाचं नाव घिऊन पेटवू? सांग."

मी राखेची मूठ भरून पुन्हा काहील घासू लागलो.

आता बाकीच्या शेतकऱ्यांची अवस्था बघा. ऊस तुऱ्यावर आलेला. तुरा आला की उसाची गोडी उतरू लागते. काहील हिंदुरावाच्या रानात, आणि ती त्याच्या परवानगीशिवाय हलवायची हिंमत कुणात नाही. म्हणजे पाच-सहा घरांचा ऊस हिंदुरावाच्या आत्म्यावर अडकलेला! त्यामुळं एरवी कुणी धर्म सोडतो म्हटलं की गाव अंगावर येतं, इथं गाव उलट मदतीला धावलं. त्या ऊसवाल्यांतला बाबूराव पाटील तर म्हणाला, "आबा, कंचा बी घ्या. पन बेगीनं घ्या."

पहिल्यांदा पुन्हा जोशीकाकाच आले, समजूत घालायला. हिंदुरावानं त्यांना बाजेवर बसवलं आणि विचारलं, "काका, एकच सांगा. पारू कुठं हाय? आन मला भेटंल का?"

बैलाचे दात बघायचे तसा हा त्याचा प्रश्न. त्यानं तो पुढं सगळ्यांना विचारला. दुसरं काही विचारलंच नाही.

जोशीकाका म्हणाले, "पुण्यवान बाई. चांगल्या कुळात जन्म घेतला असेल."

"कवा?"

"कवा म्हणजे... झाला असेल आतापर्यंत."

हिंदुराव बोटांवर मोजू लागला. "म्हंजी पाळन्यात आसंल. मी अजून धा-पंधरा वर्सं तरी मरत न्हाय. मंग मी जलमनार. तवर तिचं लगीन व्हनार. मी रांगत आसंन तवा ती मला उचलून मुका घील आन म्हनंल, कुनाचं गं पोरगं ह्ये?" तो उठला. "न्हाय जमत काका. गाईचा आन गोऱ्ह्याचा मेळ बसत न्हाय."

मग बारामतीहून पाद्रीबाबा आले. पाद्रीबाबा गोरा साहेब नव्हे, आपलाच माणूस. मूळचा शेळगावच्या महारवाड्यातला, तरुणपणी मिशनात गेलेला. पांढरा कोट, डोक्याला फेटा, बोलणं गोड. प्रभूच्या घरी सगळे परत भेटतात, असं त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. हिंदुरावाचा चेहरा खुलला.

"म्हंजी पारू तितं हाय?"

पाद्रीबाबा अडखळले. माणूस प्रामाणिक. म्हणाले, "ज्यांनी प्रभूला स्वीकारलं, ते."

"तिनं कुठनं स्वीकारला? तिला कुनी सांगितलंच न्हाय."

"मग... अवघड आहे, हिंदुराव."

"म्हंजी मी आत, आन ती भाईर?" हिंदुराव हळू आवाजात म्हणाला. "तीस वर्सं मी भाईरनं आलो की दार तिनं उघडलंय. आन आता मी आत बसून..." पाद्रीबाबांनी खाली बघितलं.

तिसरे आले ते आमचे मामू, इंदापूरच्या मशिदीत नमाज पढवणारे, माझ्या आईचे सख्खे भाऊ. त्यांना मीच आणलं. मला वाटलं होतं, घरचाच माणूस, माझं नाव होईल. मामूंनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "हिंदुराव, कोण जन्नतीत आन कोण न्हाय, ते अल्ला जाणे. आपल्या हातात फक्त दुवा मागणं."

"मागितल्यावर व्हय का न्हाय, ते कळतं का?"

"न्हाय कळत."

"म्हंजी अर्ज द्यायचा, आन निकाल मेल्यावर. मामू, हे तर मामलेदार कचेरीसारखं झालं."

मामूंना हसू आवरेना. मशिदीत ते कधी हसत नाहीत, त्यामुळं त्यांना हसताना पाहून मीच घाबरलो.

चौथा एक तरुण वकील. बापाची जमीन शेळगावला, शिक्षण पुण्याला, आणि तिथून परत येताना त्यानं देव पुण्यातच ठेवून दिला होता. त्याला हा सगळा प्रकार कळला, तसा तो आपणहून सायकलवर आला. हिंदुरावानं प्रश्न विचारला. वकील सरळ म्हणाला, "कुठंच नाही, आबा. दिवा विझला की ज्योत कुठं जाते? तसंच हे."

हिंदुरावानं थंड काहिलीच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तू खोटं न्हाय बोलला, पोरा. बरं, तुझ्याकडं यायचं आसलं तर काय करावं लागतं?"

"काहीच नाही."

"नाव बदलायचं? डोई भिजवायची? काय सोडायचं, काय खायचं?"

"काहीच नाही."

"कुनी मेलं तर संगं बसायला येतं का कुनी, तुमच्यातलं?"

वकील गोंधळला. "तसे... या तालुक्यात मी एकटाच आहे."

"म्हंजी सतरंजी बी न्हाय बसायला," हिंदुराव म्हणाला, आणि उठून रानात निघून गेला.

त्या दिवसानंतर तो फारसा बोलेना. जेवेना. रस्त्याकडेला, जिथं पारूकाकी उभी राहायची, तिथं जाऊन उभा राहायचा. आतापर्यंत आम्ही गंमत बघत होतो, पण मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस धर्म शोधतच नाहीये. हा बायको शोधतोय, आणि ज्याच्या त्याच्या दारावरून रिकामा परत येतोय.

बाबूराव पाटलाला मात्र ऊसच दिसत होता. त्यानं एक नामी युक्ती काढली. चौघांना एकाच दिवशी बोलवायचं, समोरासमोर बसवायचं आणि काय तो निकाल लावून टाकायचा. बैलाचा सौदा बाजारात होतो, एकट्या गोठ्यात नाही, असं त्याचं म्हणणं. झालं! भर दुपारी चौघेही गुऱ्हाळावर हजर. जोशीकाका बाजेवर, जरा अंग आखडून. मामू चरकाच्या दगडावर. पाद्रीबाबा उसाच्या मोळीवर. वकील सायकल धरून उभाच. सगळं शिवार भोवती गोळा झालेलं.

आणि त्या घडीला आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, केवढी चूक झाली होती. गुऱ्हाळावर पाहुणे बोलावले होते, आणि द्यायला काही नव्हतं! चरक थांबलेला, चुलवण थंड, रसाचा थेंब नाही, गुळाचा खडा नाही. हिंदुरावाच्या गुऱ्हाळावर असं आजवर घडलं नव्हतं. माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. ऊन तापलेलं. धर्माचं कुणाला सुचेना.

हिंदुराव शरमेनं लाल झाला. "पारू आसती तर..." एवढंच म्हणाला.

जोशीकाकांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि सहज म्हणून गेले, "ती एव्हाना आंगठ्यानं माझ्या पानावर गुळाचा गोळा चोपत असती. मी म्हणायचो, अगं, माझं सोवळं. ती म्हणायची, गुळाला कसला आलाय विटाळ, खावा मुकाट. आणि मी खायचो. घरी कधी सांगितलं नाही."

लोक हसले. मामू म्हणाले, "रोज्याच्या महिन्यात मी हितनं चाललो की ती हाक मारायची न्हाय. नुसती मान हालवायची. आन दिवस बुडला की माझ्या दारात गूळ पोचलेला आसायचा, फडक्यात बांधून. कुणाच्या हाती पाठवायची, मला आजवर कळलं न्हाय."

मला कळलं होतं. हाच तो हात, ज्यानं हे लिहितोय.

वकिलानं घसा साफ केला. "मी इंदापूरला शाळेत चालत जायचो. तिच्या हाका टाळायला रानातून जायचो, तर ती रानात यायची."

मग सगळे पाद्रीबाबांकडं बघू लागले.

"मी मिशनात जायच्या आधीची गोष्ट," ते म्हणाले. "मी महाराचा पोर. या गावात मला कुणी काही दिलं तर वरून टाकायचे. पाणी वरून, भाकर वरून. पारूबाईनं गूळ आणला, काहिलीतनं काढलेला. माझ्या हातावर ठेवला. हातात हात धरून ठेवला. इतका गरम होता की कातडी सोलली." त्यांनी उजवा तळवा वर केला. तिथं जुना, नाण्याएवढा डाग होता. "मी ओरडलो. तीही ओरडली, तिचाही हात भाजला होता. मग आम्ही दोघं हसत सुटलो. या गावात मला दिलेली वस्तू हातात मिळाली, ती पहिल्यांदा तेव्हा."



हिंदुराव पुढं आला. चौघांच्या मध्ये उभा राहिला. "आता पुन्यांदा इच्यारतो," म्हणाला. "पारू कुठं हाय?"

जोशीकाका म्हणाले, "तिला कसला पुन्हा जन्म! सुटली ती. मुक्त झाली. मीच चुकलो."

पाद्रीबाबा म्हणाले, "प्रभूचा दरवाजा तिच्यासाठी उघडा नसेल, तर मी आत जाऊन काय करू? हा हात कुणाला दाखवू?"

मामू म्हणाले, "अल्ला जाणे, हे खरंच. पण अल्लाला आठवण करून द्यायला पाच वक्त मी हाय."

वकील सायकलच्या घंटीशी चाळा करत होता. "कुठंच नाही, आबा," तो म्हणाला. "मी मत बदललेलं नाही. पण ती कुठं असलीच, तर इथं असेल. या रस्त्याकडेला. दुसरीकडं तिला करमायचं नाही."

बाबूराव पाटलाला राहवेना. "मंग आबा, ठरवा आता! कुठला घेताय?"

हिंदुरावानं चौघांकडं आळीपाळीनं बघितलं, बाजारात बघतो तसं. आणि त्या हंगामात पहिल्यांदाच त्याच्या मिशीखाली हसू फुटलं.

"कुठला घिऊ, बाबू? हितं चार ठिकानी पारूची जागा हाय. एक घेतला, तर तीन ठिकानची पारू सोडावी लागंल. येवढा येडा मी न्हाय." तो चुलवणाकडं वळला. "हाय तितंच ऱ्हातो. चौघांनी बी तिची जागा धरून ठिवा. मी यायच्या वक्ताला बघंन, कुठनं हाक येती ती. दस्तू, चिपाडं आन!"

पाट मांडले. दोन. हिंदुराव एकावर बसला. दुसरा रिकामा. सगळ्यांचं लक्ष जोशीकाकांच्या पिशवीकडं. काकांनी पिशवीत हात घातला, सुपारी बाहेर काढली. हिंदुरावाचा चेहरा पुन्हा कठीण होऊ लागला.

जोशीकाकांनी सुपारी नीट निरखली. मग कनवटीचा अडकित्ता काढला, कटकट कातरली, तोंडात टाकली आणि चघळत चघळत म्हणाले, "हं, चला. पाट रिकामाच राहू दे. मंत्र म्हणतो मी."

चरक फिरला, चुलवण पेटलं, आणि दिवस बुडता बुडता पाक आला. त्या दिवशीची आरोळी मी अशी ठोकली म्हणतात की इंदापूरच्या वेशीवरची कुत्री भुंकली. पहिला लपका हिंदुरावानं स्वतः उचलला, रिकाम्या पाटावर ठेवला, आणि म्हणाला, "घ्या, गूळ बसायच्या आत." सगळ्यांत आधी वकिलानं हात पुढं केला. त्याच्यामागून पाद्रीबाबांनी, मामूंनी, आणि जरा इकडंतिकडं बघून जोशीकाकांनी. चौघांचेही हात भाजले. चौघेही एका सुरात ओरडले. एवढा सर्वधर्मीय आवाज शेळगावात पुन्हा कधी निघाला नाही.

पुढं बरेच हंगाम मी हिंदुरावाकडं काम केलं. रिकामा पाट दर वर्षी मांडला जायचा आणि पहिला गूळ त्यावरून रस्त्यावर जायचा. आता हिंदुराव राहिला नाही. वकील सोडून बाकी तिघांनी मला वेगवेगळं गाठून खात्रीनं सांगितलं, की तो आपल्याकडंच आला आहे. वकील म्हणाला, कुठंच नाही. मी चौघांनाही हो म्हटलं.

मला विचाराल तर तो अजून कुठंच आत गेलेला नाही. चारी दारांच्या मधोमध उभा असेल, कानोसा घेत. आणि पारूकाकी मागून येऊन त्याच्या हातावर गरम गूळ ठेवील, तेव्हा जी आरोळी उठेल, ती माझ्यापेक्षाही मोठी असेल.